छायाचित्रावरून डोळ्यांची तपासणी : कितपत विसंबावे?

प्रश्न : माझ्या आईला अनेक वर्षांपासून मधुमेह आहे. नेत्ररुग्णालय फार दूर असल्यामुळे तिची डोळ्यांची तपासणी राहून जात होती. आता जवळच्या आरोग्य केंद्रात कॅमेऱ्याने डोळ्याच्या आतल्या पडद्याची (दृष्टिपटलाची) छायाचित्रे काढून ती दूरच्या नेत्रतज्ज्ञांकडे पाठवली जातात. ‘मधुमेहाचे दुष्परिणाम आढळले नाहीत’ असा तिचा अहवाल आला आहे. डॉक्टरांनी प्रत्यक्ष न पाहता दिलेला हा निर्वाळा पुरेसा मानावा का?

उत्तर : मधुमेहामुळे पडद्यावर होणाऱ्या बदलांपुरता हा अहवाल पुरेसा मानण्यास हरकत नाही, मात्र छायाचित्रे स्पष्ट आलेली असावीत आणि ती प्रशिक्षित व्यक्तीने तपासलेली असावीत. बारीक रक्तवाहिन्यांना आलेले फुगवटे, रक्तस्रावाचे ठिपके, स्निग्ध द्रव्याचे पिवळसर डाग ही या विकाराची लक्षणे छायाचित्रात चांगली दिसतात, आणि रुग्णाला काहीही जाणवत नसते त्या काळातही दिसतात. म्हणूनच इंग्लंडमध्ये मधुमेहींच्या डोळ्यांच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम २००३ पासून प्रामुख्याने अशा छायाचित्रांवरच उभा आहे. आईची तपासणी होतच नव्हती, ती आता होऊ लागली, हा लाभ फार मोठा आहे.

तथापि, जो प्रश्न विचारला गेला त्याचेच उत्तर अहवालात असते, हे विसरू नये. काचबिंदूच्या निदानासाठी डोळ्याचा दाब मोजावा लागतो, दृष्टिक्षेत्र तपासावे लागते. केवळ पडद्याच्या चित्रावरून त्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही. पडद्याच्या मध्यभागी सूज आली असल्यास तिची जाडी सपाट चित्रात कळतेच असे नाही, त्यासाठी ओसीटी नावाची वेगळी तपासणी करतात. शिवाय नेहमीच्या कॅमेऱ्यात पडद्याचा मधला भाग येतो, कडा येत नाहीत. त्यामुळे अहवाल निर्दोष असला, तरी संधी मिळेल तेव्हा आईंची संपूर्ण नेत्रतपासणी अवश्य करून घ्यावी, आणि छायाचित्रांची तपासणी डॉक्टर सांगतील त्या अंतराने, सामान्यतः वर्षातून एकदा, चालू ठेवावी.

अहवालातील एका शेऱ्याकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. बाहुली लहान असली किंवा मोतीबिंदू वाढलेला असला, तर चित्र धूसर येते आणि ‘छायाचित्र तपासण्यायोग्य नाही’ असे लिहून येते. पुष्कळ कुटुंबे त्याचा अर्थ ‘दोष सापडला नाही’ असा लावतात आणि इथेच सर्वांत जास्त नुकसान होते. तो शेरा म्हणजे तपासणी झालीच नाही, असे समजावे. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पुन्हा चित्र घ्यावे, आणि तरीही जमले नाही तर रुग्णाला प्रत्यक्ष तज्ज्ञांकडे न्यावे.

चांगल्या केंद्राची पारख यंत्रावरून करू नये. दक्षिण भारतात अरविंद नेत्रसेवा संस्थेने चालवलेल्या दृष्टिकेंद्रांत प्रशिक्षित तंत्रज्ञ चष्म्याचा नंबर काढतात, स्लिट लॅम्पने, म्हणजे प्रकाशझोत टाकून डोळा मोठा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने, डोळा पाहतात आणि नंतर रुग्णाचा डॉक्टरांशी दृक्‌श्राव्य संवाद घडवून देतात. डॉक्टर दूर असले, तरी रुग्णाजवळ जाणते हात असतातच. संगणकीय प्रणालीही आता या कामात आली आहे. डॉक्टरांनी चित्र न पाहताच मधुमेही दृष्टिपटलविकार ओळखणाऱ्या अशा एका प्रणालीला अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये मान्यता दिली, परंतु तीही केवळ त्या एकाच विकारापुरती आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे दोष आढळल्यावर पुढे काय होते. लेसर किंवा डोळ्यातील इंजेक्शन छायाचित्रातून देता येत नाही. रुग्णाला कोणत्या रुग्णालयात, किती दिवसांत पाठवणार आणि तो तिथे पोहोचला की नाही याची चौकशी कोण करणार, हे केंद्राला आजच विचारून ठेवावे. याचे नेमके उत्तर ज्या केंद्राकडे नसेल, त्याची सेवा माझ्या मते अर्धवट आहे.

प्रश्न : डोळा लाल झाल्यास मोबाइलवर फोटो काढून डॉक्टरांना पाठवणे पुरेसे आहे का?

उत्तर : पापणीवरची रांजणवाडी किंवा किरकोळ खाज यांसाठी सुरुवातीचा सल्ला असा घेता येतो. पण लालीबरोबर तीव्र वेदना असल्यास, दृष्टी अंधुक झाल्यास किंवा उजेड सहन होत नसल्यास उत्तराची वाट पाहत बसू नये. अचानक दिसेनासे होणे, डोळ्यासमोर प्रकाशाचे लखलखाट व काळे ठिपके एकाएकी वाढणे किंवा पडदा ओढल्यासारखे वाटणे, हीही तातडीची लक्षणे आहेत. डोळ्यात चुना, आम्ल किंवा अन्य रसायन गेल्यास फोटो काढण्यात क्षणही न दवडता तो स्वच्छ पाण्याने निदान पंधरा ते वीस मिनिटे धुवावा आणि मगच रुग्णालयाकडे निघावे. घरात उरलेले स्टिरॉइडचे थेंब मात्र कोणत्याही लाल डोळ्यात आपणहून घालू नयेत. बुबुळावर बुरशीची किंवा नागिणीच्या जातीच्या विषाणूची जखम असल्यास त्या थेंबांनी ती झपाट्याने चिघळू शकते.