भाचा सुरुंग काढायला निघालाय, पगार कोण देणार?

प्रश्न: ताई, माझ्या बहिणीचा मुलगा फौजेत इंजिनिअर्समध्ये होता, आता रिटायर होऊन महूला राहतो. त्याला परदेशात जमिनीतले सुरुंग काढायच्या कामाची ऑफर आलीये आणि तो जायचंच म्हणतोय. घरात दोन पार्ट्या पडल्यात. बहीण रडते. आमचे हे म्हणतात, लढाया त्यांनी करायच्या आणि निस्तरायला पैसे आपल्यासारख्या देशांच्या सरकारांनी का द्यायचे, आपल्याकडे काय कामं कमी आहेत का. मला वेगळीच काळजी आहे, अमेरिकेने मध्ये अशा कामांचा पैसा एकदम थांबवला होता असं वाचलं, तसं झालं तर हा तिकडे अडकणार नाही ना?
– एक मावशी, रामबाग, इंदूर

उत्तर: काकू, तुमची काळजी अगदी योग्य आहे, म्हणून आधी तीच घेते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने परदेशी मदत ९० दिवसांसाठी गोठवली आणि त्यात सुरुंग काढायचे प्रोग्रॅमही आले, बऱ्याच देशांत टीम्सना काम आहे तिथेच थांबवा असं सांगितलं गेलं. पुढे काही ठिकाणी सूट मिळून काम सुरू झालं, पण धक्का सगळीकडे बसला. कारण या कामाला सगळ्यात जास्त पैसा अमेरिकाच देत आली आहे. १९९३ पासून सुरुंग काढणं आणि जुना दारूगोळा नष्ट करणं मिळून ५ अब्ज डॉलरच्या वर, आणि तेही सवाशेहून जास्त देश-प्रदेशांत. सुरुंगबंदीचा ओटावा करार झाला १९९७ साली, त्यावर अमेरिकेची सही नाही, आपलीही नाही, पण काढायच्या खर्चात मात्र पहिला नंबर तिचाच. युरोपियन युनियन, जर्मनी, जपान, नॉर्वे हेही देतात.

सरकारं स्वतः माणसं क्वचितच पाठवतात. ती ग्रँट देतात, कधी हॅलो ट्रस्ट किंवा मॅगसारख्या संस्थांना, कधी संयुक्त राष्ट्रांच्या फंडात, कधी त्या देशाच्या सुरुंग काढायचं काम बघणाऱ्या सरकारी केंद्राला. ग्रँट एक-दोन वर्षांची असते आणि सुरुंग पन्नास वर्षांनीही जिवंत असतो, खरी अडचण इथे आहे. रस्त्याचं काम अर्ध्यात थांबलं तर निदान अर्धा रस्ता वापरता येतो, पण शेत अर्धं साफ झालं तर शेतकरी त्यात बैल घालेल का? शिकवलेली माणसं दुसरीकडे जातात, सुरुंग हुंगणाऱ्या कुत्र्यांचा सराव सुटतो, आणि पैसा परत आला की पुन्हा पहिल्यापासून जमवाजमव.

काम हळू का होतं ते भाचा जास्त चांगलं सांगेल. मीटरभर रुंदीची पट्टी आखायची, डिटेक्टर फिरवायचा, आवाज आला की गुडघ्यावर बसून बाजूने माती सोडवायची, आणि बहुतेक वेळा निघतो खिळा नाहीतर पत्र्याचा तुकडा. तरी प्रत्येक खिळा सुरुंग समजूनच काढायचा. सुरुंग बनवायला ३ ते ३० डॉलर आणि काढायला ३०० ते १००० डॉलर असा संयुक्त राष्ट्रांचा जुना हिशोब आहे, तो या खिळ्यांमुळेच इतका वाढतो. कंबोडियात मगावा नावाच्या आफ्रिकन उंदराने वास घेऊन शंभरावर सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब शोधले, त्याला धातूशी घेणंदेणं नव्हतं, नुसता स्फोटकाचा वास, म्हणून टेनिस कोर्टाएवढी जागा तो अर्ध्या तासात बघायचा.

आता तुमच्या यजमानांचा प्रश्न. ज्याने पेरलं त्याने काढावं हे मलाही पटतं. लाओसवर १९६४ ते १९७३ मध्ये अमेरिकेने २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, त्यातले छोटे बॉम्ब कोट्यवधींनी न फुटता राहिले, आणि २०१६ मध्ये ओबामांनी तिथे जाऊन तीन वर्षांसाठी ९ कोटी डॉलर जाहीर केले. उशीर केवढा! पण पेरणारा कधी कधी उरतच नाही, मग शेतकऱ्याने कोणाच्या दारात जायचं? २०२३ मध्ये जगभरात सुरुंग आणि अशा उरलेल्या स्फोटकांनी ५,७५७ माणसं मेली किंवा जखमी झाली, त्यात ज्यांची नोंद आहे त्यातली ८४ टक्के साधी नागरिक, आणि त्यात पोरं भरपूर.

आणि भारताने पैसे दिलेत, त्याचं मला समाधान आहे. २००९ मध्ये श्रीलंकेतलं युद्ध संपलं तेव्हा लाखो तमिळ माणसं कॅम्पात होती, घरी जायला जमीनच सुरक्षित नव्हती. आपल्या सरकारने सात भारतीय टीम्सचा पूर्ण खर्च उचलला. नंतर आपण तिकडे हजारो घरं बांधली, उत्तरेची रेल्वे परत टाकली, २०१४ मध्ये जाफन्याला गाडी पोचली. ते रूळ टाकायच्या आधी तिथली माती कोणीतरी हाताने तपासली होती. घर बांधायला पैसे दिले आणि वाटेतला सुरुंग तसाच राहू दिला तर त्या घराचं काय करायचं? श्रीलंकेत अजूनही काम चालूच आहे, त्यांची मुदत २०२८ ची आहे.

आपल्याला हे फार लांबचं वाटू नये. महूच्या फायरिंग रेंजजवळच्या गावांत अटाल्यात विकायला पितळ-लोखंड वेचताना माणसं गेली आहेत. लाओसमध्येही भंगारासाठीच जातात. धोका माहीत असतो, पण चूल पेटवायची असते. म्हणून यातला थोडा पैसा शाळांतून मुलांना शिकवायला आणि जखमींच्या कृत्रिम पायांना लागतो, तो कापला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

भाच्याला सांगा, सही करायच्या आधी पैसे कोणत्या सरकारचे आणि कॉन्ट्रॅक्ट कुठल्या महिन्यापर्यंत हे लेखी घे. मधेच ग्रँट थांबली तर नोटीस पीरियडचा पगार आणि परतीचं तिकीट कोण देणार हेही लेखी. इन्शुरन्स आणि साइटवर डॉक्टर किंवा पॅरामेडिक, जखमीला हॉस्पिटलला न्यायची गाडी, हे आंतरराष्ट्रीय मानकांत बसतं, उपकार म्हणून नाही. जी कंपनी यावर टाळाटाळ करेल तिथे जाऊ नकोस म्हणा. आणि बहिणीला त्याच्याजवळ बसवून एकदा पट्टी कशी आखतात ते त्याच्याकडूनच ऐकू द्या, घाई न करणं हेच त्याच्या कामाचं शिक्षण आहे हे तिला कळलं की रडणं थोडं कमी होईल.