अंगठा उमटला नाही, तर पुढे काय?

प्रश्न : मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. यंदा ‘व्यावसायिक नीतिमत्ता’ माझ्या गळ्यात पडलंय. ऑडिट कोर्स, गुण धरत नाहीत, त्यात दिवसातला शेवटचा तास. मुलं मागे बसून प्लेसमेंटचे पेपर सोडवतात. मला तत्त्वज्ञानातलं काही कळत नाही. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : तत्त्वज्ञान कळत नाही हे बरंच झालं. नाहीतर तुम्ही व्याख्यांपासून सुरुवात केली असती आणि पुढच्या बाकांवरूनही पेपर निघाले असते.

तुमच्या विभागात दरवर्षी एखादा तरी गट ‘फिंगरप्रिंट अटेंडन्स सिस्टीम’ करतोच. (मी निवृत्त होईपर्यंत तरी त्यातून सुटका नव्हती.) तोच प्रोजेक्ट धरा. त्यात बहुतेक आर३०७ सेन्सर असतो. त्याच्या डेटाशीटमध्ये सिक्युरिटी लेव्हल १ ते ५ अशी दिलेली असते. ५ ठेवली की परक्याचं बोट चालून जाण्याची शक्यता कमी होते, पण खऱ्या माणसालाच नाकारण्याची वाढते. १ ठेवली की उलट. मुलं आहे तीच लेव्हल राहू देतात, चार मित्रांची बोटं लावून बघतात आणि रिपोर्टात ‘अचूकता उत्तम’ लिहून मोकळी होतात.

त्यांना विचारा, ही लेव्हल कुणी ठरवली? आणि मग कॅन्टीनमध्ये भांडी घासणाऱ्या मावशींकडे, बांधकामावरच्या गवंड्याकडे पाठवा. सोडा-साबणाने, सिमेंटने बोटांवरच्या रेषा झिजतात; तिथे मशीन पुन्हा पुन्हा नाही म्हणू लागलं की वर्गातली अचूकता किती टिकते ते कळेल. मात्र आधी परवानगी. ठसा कशाला हवाय, कुठे साठवणार, कधी पुसणार, हे मुलांनीच सोप्या मराठीत सांगायचं. मावशी नको म्हणाल्या तर नको. हे सांगताना मुलं जी अडखळतात, त्यात तुमचा निम्मा अभ्यासक्रम होऊन जातो.

मग रेशन दुकानावर या. हजेरीत ठसा चुकला तर फार तर एक लेक्चर बुडतं. पॉस मशीनवर अंगठा उठला नाही तर महिन्याचं धान्य अडतं. केंद्राच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत बायोमेट्रिक ओळख न पटण्याच्या प्रमाणाचे अंदाज दिले होते : झारखंड ४९ टक्के, राजस्थान ३७, गुजरात ६. फळ्यावर हे तीन आकडे लिहा आणि गप्प बसा. नेटवर्क, मशीन, वय, कष्टाची कामं, कारणं मुलंच काढतील. कुणीतरी म्हणेल, ओटीपी पाठवू. तेव्हा विचारा, कुणाच्या फोनवर? आजीच्या नावचा नंबर पुण्यात नोकरी करणाऱ्या नातवाकडे असेल तर? ठसा जुळला नाही म्हणून हक्काचा लाभ अडवू नये, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात घेतली. पण दुकानदारापुढच्या पडद्यावर दुसरा मार्ग दिसायला हवा, आणि तो प्रोग्राम लिहिणारं कुणीतरी तुमच्याच वर्गातून जाणार आहे.

विभागप्रमुख म्हणतील, हे सिलॅबसमध्ये नाही. वाद घालू नका. ऑडिट कोर्सला गुण नसले तरी मिनी-प्रोजेक्टच्या टर्मवर्कला असतात, आणि ते तुमच्या हातात आहेत. त्यातले पाच इकडे वळवा. रिपोर्टात एक जादा पान मागा : मशीन चुकलं तर नुकसान कुणाचं, आणि त्या माणसाने पुढे काय करायचं? पान कोरं आलं तर सही करू नका.