चार हजार शब्दांच्या आधी एक प्रश्न

प्रश्न : मी आयबी डिप्लोमाच्या (अकरावी-बारावीच्या तोडीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) पहिल्या वर्षाला आहे. एक्स्टेंडेड एसेसाठी, म्हणजे त्यातल्या चार हजार शब्दांपर्यंतच्या संशोधन निबंधासाठी, इतिहास घेतलाय, विषय ‘साथीचे रोग आणि समाज’. दोन महिने वाचतेय, वही भरत आली, पण लिहायला बसलं की एक ओळ सुचत नाही. बाई, वेळापत्रक कसं आखू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : वेळापत्रकाकडे येतेच, पण खरी अडचण तिथे नाही. तू लिहिलंयस तो विषय झाला, प्रश्न नव्हे. विषयावर जन्मभर वाचता येतं, म्हणूनच तुझं वाचन संपत नाहीये.

१८५४ सालची लंडनमधली कॉलऱ्याची साथ घे. साथ ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाच्या पाण्यातून पसरतेय, हे डॉक्टर जॉन स्नो यांनी दाखवलं, ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली, असं सर्रास सांगतात. पण स्नो यांनीच लिहून ठेवलंय, की लोक वस्ती सोडून गेल्यामुळे साथ त्याआधीच ओसरायला लागली होती. इथे थांब! ‘दांडा काढल्यामुळे साथ कितपत आटोक्यात आली?’ हा झाला प्रश्न. आता काय शोधायचं ते तोच सांगेल : रोजचे मृत्यू, तारखा, स्नो यांचं १८५५ सालचं लिखाण आणि तिथले धर्मगुरू हेन्री व्हाइटहेड यांची चौकशी. व्हाइटहेडना आधी स्नो यांचं म्हणणं पटलं नव्हतं. घरोघरी विचारपूस केल्यावर पटलं. मत का बदललं, यावरच तुझी दोन पानं सहज होतील. प्लेग, देवी वगैरे सगळं आता बाजूला ठेव. जिवावर येईल, मला कल्पना आहे.

आता वेळ. या निबंधाला साधारण ४० तास धरलेले असतात आणि मार्गदर्शकांबरोबर तीन औपचारिक बैठका होतात. पूर्ण मसुद्यावर ते एकदाच अभिप्राय देऊ शकतात. तो मसुदा अर्धवट दिलास तर संधी वाया जाईल. म्हणून आधी त्याची तारीख ठरव आणि तिथून मागे मोजत ये. वाचन कधी थांबवायचं तेही लिहून टाक. सुरुवात प्रस्तावनेपासून करू नकोस. मृत्यूंच्या आकड्यांवरचा परिच्छेद आधी लिही, प्रस्तावना सगळ्यात शेवटी.

आणखी एक. वहीत प्रत्येक टिपणाखाली पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक टाक, आजच. माझ्या पहिल्या प्रबंधाच्या वेळी मी ते केलं नव्हतं. एका उताऱ्याचं पान शोधायला ग्रंथालयात तीन दिवस बसले, सापडलं नाही, आणि माझा सगळ्यात भक्कम पुरावा मला गाळावा लागला. ते अजून मनाला लागतं.

पुढच्या बैठकीला भरलेली वही नेऊ नकोस. एका कागदावर प्रश्न लिही आणि त्याखाली आज तुला वाटणारं उत्तर, चुकीचं असलं तरी.