‘द पर्ल’ पहिल्यांदाच वाचताना

जॉन स्टाइनबेकची ‘द पर्ल’ वाचायला घेतलीस, छान. १९४७ साली पुस्तकरूपात आलेली ही कादंबरी जेमतेम ६ प्रकरणांची. एका बैठकीत संपते, पण तशी संपवू नकोस.

गोष्ट मेक्सिकोतल्या ला पाझची. विंचू चावलेल्या तान्ह्या बाळाला बघायलाही डॉक्टर तयार नाही, कारण बापाकडे, म्हणजे किनोकडे, पैसे नाहीत. मग किनोला भलामोठा मोती सापडतो आणि तोच डॉक्टर आपण होऊन दारात हजर! इथे थांब. हाव आधी कुणाला सुटली? मी पहिल्या वाचनात सगळा दोष किनोच्या माथी मारून मोकळा झालो होतो. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कुठे मोती घेणाऱ्यांचा प्रसंग नीट कळला. वेगवेगळ्या पेढ्यांवर बसलेली ही माणसं खरं तर एकाच मालकाची. स्पर्धेचं नुसतं नाटक. किनोच्या मते मोती ५०,००० पेसोंचा, आणि ते सांगतात १,०००.

बरं, किनोला हवं तरी काय असतं? चर्चमध्ये लग्न, नवे कपडे, रायफल, मुलाला शाळा. यातल्या कशाला हाव म्हणशील? रेघ कुठे ओढलीस ते वहीत लिहून ठेव.

किनोच्या मनात वाजणारी गाणी मात्र गाळू नकोस (बरेच जण कंटाळून गाळतात). कुटुंबाचं गाणं मागे पडून वाइटाचं गाणं कुठे सुरू होतं, तिथे पेन्सिलने खूण कर. किनोच्या बायकोवर, हुआनावरही लक्ष असू दे. मोती फेकून दे, असं नवऱ्याला ती फार लवकर सांगते. आणि शेवट कुणालाच विचारू नकोस.