फी आम्ही भरतो, मग आम्हालाच का सांगत नाहीत?

अमेरिकेतल्या एका आईचं पत्र: "लेक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मित्र तिला मारहाण करत होता, हे तिच्या रूममेटकडून कळलं. लेक म्हणते, 'मी कॅम्पसवरच्या अ‍ॅडव्होकेटकडे (वकील नव्हे, अत्याचार सोसलेल्यांना मदत करणारी बाई) जाते, तू मध्ये पडू नकोस.' तिथे फोन केला तर ती येते की नाही एवढंही सांगेनात. हे डीनला भेटायला निघालेत. काय करू?"

आधी यांना थांबवा. डीन कितीही सज्जन असले, तरी असं काही कानावर आलं की बहुतेक कॉलेजांत त्यांना ते टायटल नाईनच्या ऑफिसला (लैंगिक भेदभाव आणि अत्याचाराच्या तक्रारी बघणारं कॉलेजचं ऑफिस) कळवावंच लागतं. प्राध्यापक, कोच, डॉर्ममधला आर.ए. (होस्टेलवर देखरेख करणारा विद्यार्थी) यांचंही बहुधा तेच. लेकीने मोजक्या माणसांत ठेवलेली गोष्ट तिला न विचारता नोंदवली जाईल. शिवाय त्या मुलाला कुणकुण लागली तर धोका वाढतो. नातं तोडतानाचा काळ सगळ्यात जोखमीचा असतो.

अ‍ॅडव्होकेट ना पोलीस असते, ना कॉलेजची चौकशी अधिकारी. तिने तुम्हाला दाद दिली नाही, याचा अर्थ ती नीट काम करते आहे. उद्या तो मुलगाच 'मी तिचा भाऊ बोलतोय' म्हणून फोन करेल, त्यालाही हेच उत्तर मिळेल. गुप्ततेला अपवाद असतात (जिवाला तातडीचा धोका, कोर्टाचा आदेश) आणि ते राज्यागणिक बदलतात. म्हणून लेकीने पहिल्याच भेटीत विचारावं, 'कोणत्या परिस्थितीत तुम्हाला हे इतरांना सांगावं लागेल?'

फीचं म्हणाल, तर १९७४ च्या फर्पा (विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गुप्ततेचा) कायद्याने मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो. टॅक्समध्ये ती तुमची डिपेंडंट (तुमच्यावर अवलंबून) म्हणून दाखवलेली असेल तर कॉलेज तुम्हाला नोंदी दाखवू शकतं, पण दाखवलंच पाहिजे असं नाही.

आता अ‍ॅडव्होकेटच्या मदतीतून काय मिळतं ते बघा. समजा मंगळवारच्या लॅबला तोही असतो. तिची बॅच बदलून मिळू शकते, खोली बदलते, परीक्षा पुढे जाते. पोलिसांत तक्रार केली नसली तरी अशा सोयी मागता येतात आणि शक्य असेल तिथे कॉलेजने त्या द्याव्यात, हे २०१३ च्या कायद्यात आहे. कोर्टाकडून संरक्षण आदेश घ्यायचा झाला तर अ‍ॅडव्होकेट सोबत येते. लैंगिक अत्याचार झाला असेल, तर पुराव्यासाठीची वैद्यकीय तपासणी पोलीस तक्रारीशिवाय आणि विनाशुल्क होते. मात्र ती जितकी लवकर तितकी चांगली.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. लेक तुमच्या इन्शुरन्सवर असेल आणि बाहेर थेरपिस्टकडे गेली, तर भेटीचा तपशील असलेलं पत्रक पॉलिसी ज्याच्या नावावर त्याच्या पत्त्यावर येतं. ती इन्शुरन्स कंपनीला वेगळा पत्ता देऊ शकते. अ‍ॅडव्होकेटची सेवा मोफत असते, त्यामुळे तिथे ही भानगडच नाही.

आणि भारतातून एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर आलेल्या मुलींसाठी: अभ्यास झेपेनासा झाला तरी डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचं व्हिसाचं काम बघणारा कॉलेजचा अधिकारी) विचारल्याशिवाय एकही कोर्स सोडू नका, व्हिसाचं स्टेटस जाऊ शकतं. तब्येतीच्या कारणाने कोर्स कमी करता येतात, पण त्यासाठी डॉक्टरांचं किंवा परवानाधारक मानसशास्त्रज्ञाचं पत्र लागतं. सोशल वर्करचं पत्र चालत नाही.

तुमच्या हातात काय? 'त्याच्या नादी लागलीसच कशाला' हे तोंडातून निघू देऊ नका. 'सगळं सोडून घरी ये' हेही नको. आधीच कुणीतरी तिच्यावर हुकूम चालवत होतं. 'मी तुझ्यासाठी काय करू?' विचारा आणि ती सांगेल तेवढंच करा, मग ते नुसतं गाडी घेऊन येणं असो. आजीला, मंडळातल्या मैत्रिणीला तिच्या परवानगीशिवाय अवाक्षर नको. तो मुलगा ओळखीच्यांतला निघाला तर त्याच्या आईवडिलांशी 'बसून मिटवू' अजिबात नको. मिटवून टाकण्यात आपली माणसं पटाईत असतात, आणि त्यात झळ बसते ती मुलीलाच.

तुमचीही झोप उडाली असणार. राष्ट्रीय कौटुंबिक हिंसाचार हेल्पलाइनवर, १-८००-७९९-७२३३ वर, पालकही फोन करू शकतात. चोवीस तास चालू असते आणि लेकीचं नाव सांगावं लागत नाही. डीनकडे निघालेल्यांना हा नंबर द्या.