गॅलरीच्या पायऱ्या आणि खारा वारा

प्रश्न : आमचं मैदान गुहागरजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे १० रांगांची प्रेक्षक गॅलरी बांधून वर पत्र्याचं छप्पर टाकायचं आहे. ठेकेदार म्हणतो, सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या घेऊ. चालेल का? आणखी काय बघावं?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : सारख्या घेऊ नका. मागच्याची नजर पुढच्याच्या डोळ्यांवरून किमान ६ सेंमी वरून गेली पाहिजे; आखताना हे अंतर ९ सेंमी धरा. समजा, पहिल्या रांगेतल्या माणसाचे डोळे मैदानापासून १.५ मीटर उंच, जवळची सीमारेषा त्यांच्यापासून १० मीटरवर आणि पायरीची रुंदी ८० सेंमी आहे. मग पहिल्या-दुसऱ्या रांगेत सुमारे २२ सेंमी चढ पुरतो, पण नवव्या-दहाव्या रांगेत २६ लागतो. सगळीकडे २२च ठेवला, तर शेवटच्या रांगेला ६ सेंमीही उरत नाहीत आणि लोक उभे राहून सामना बघतात. एक उभा राहिला की मागचे सगळेच उठतात.

गॅलरी मैदानाच्या पश्चिमेला घ्या. दुपारचं ऊन पाठीवर येतं आणि नैर्ऋत्येचा पाऊसही पाठीमागूनच झोडपतो.

आता खरा शत्रू, खारी हवा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्यावर किमान एम ३० काँक्रीट (एम म्हणजे ताकदीची प्रत; आकडा मोठा तितकं काँक्रीट मजबूत) आणि सळीवर ४५ मिमी कव्हर, म्हणजे सळी झाकणारा काँक्रीटचा थर, हवं. लाटांचे तुषार पोचत असतील तर एम ३५ आणि ५० मिमी. कव्हरसाठी सळीखाली खडी किंवा फरशीचे तुकडे सरकवतात, ते साफ थांबवा. त्याच प्रतीच्या काँक्रीटचे ठोकळे वापरा. किनाऱ्यावरची वाळू नको, आणि खाडीकाठच्या विहिरीचं पाणी तपासल्याशिवाय नको : क्लोराइड, म्हणजे सळी गंजवणारा मिठातला घटक, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं. गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीटचे पोपडे आधी पायऱ्यांच्या खालून सुटतात, जिथे कुणी बघत नाही. दर पावसाळ्यानंतर तिथे हातोडीने ठोकून बघा; पोकळ आवाज आला तर तो भाग लगेच उघडा.

छपराचं वजन पेलणं सोपं, ते उडू न देणं अवघड. वारा समोरून आत शिरतो, मागच्या भिंतीला अडून पत्रा खालून उचलतो आणि त्याच वेळी वरूनही ओढ बसते. म्हणून भिंत आणि पत्रा यांत फट ठेवा, कडांना स्क्रू दाट मारा. निसर्ग वादळाने २०२० मध्ये श्रीवर्धनकडे हजारो छपरं उडवली, म्हणून खांबांचे पायेही ही वरची ओढ हिशेबात धरूनच आखायला सांगा.