लस, लसीका आणि काखेतली गाठ

प्रश्न असा आहे: ‘दंडावर लस घेतली आणि त्याच बाजूच्या काखेत गाठ आली. अहवालात "लसीका ग्रंथी सुजली आहे" असं लिहिलंय. लसीका म्हणजे लशीमुळे झालेली का?’

नाही. लसीका म्हणजे लिम्फ, शरीरात फिरणारा पातळ द्रव; तो गाळणाऱ्या गाठी म्हणजे लसीका ग्रंथी, इंग्रजीत लिम्फ नोड. आणि ते ‘मला लिम्फ नोड झालाय’ म्हणणं आधी बंद करा बुवा! ‘मला नाक झालंय’ म्हणण्यातलाच प्रकार. मानेत, काखेत, जांघेत मिळून या ग्रंथी प्रत्येकाला शेकड्यांनी असतात. सुजल्या की हाताला लागतात.

आता लस. खरचटल्यावर जे पातळ, चिकट पाणी पाझरतं ती मराठीतली मूळ लस. जखमेत दिसणाऱ्या त्वचेखालच्या द्रवाला चरकसंहितेत ‘लसीका’च म्हटलंय. १७९६ मध्ये एडवर्ड जेनर या इंग्रज डॉक्टरने देवी टाळण्यासाठी गाईच्या देवीच्या फोडातला द्रव टोचला. पुढे कित्येक वर्षं एकाच्या दंडावरच्या फोडातली लस काढून दुसऱ्याला टोचत. आज कुपीत फोडाचा थेंबही नसतो, नाव तेवढं चिकटलंय. आणि मजा बघा, त्या टोचायच्या द्रवाला इंग्रजीतही तेव्हा ‘लिम्फ’च म्हणत!

काही परिभाषापंडित ‘ग्रंथी’वर काट मारतात. स्राव नाही, तर ग्रंथी कसली, ‘पर्व’ म्हणा, असा त्यांचा आग्रह. अहो, संस्कृतात ग्रंथी म्हणजे गाठ! स्रावाचा अर्थ नंतर आपणच चिकटवला. लॅटिन ‘नोडुस’ म्हणजेही गाठच. ‘पर्व’ म्हटल्यावर मला तरी महाभारतच आठवतं.

खरं तर या सुजेला मराठीत झकास शब्द आहे: अवधाण. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं. हे ‘अवधान’च, म्हणजे शरीराचं जखमेकडे गेलेलं लक्ष, असं माझं मत आहे. कोशकारांनी खुशाल नाकं मुरडावीत.

हां, काखेतली गाठ. लशीनंतर त्या बाजूची ग्रंथी सुजू शकते आणि बहुधा काही आठवड्यांत आपोआप बसते. सारखी चाचपू नका. मात्र चार आठवड्यांनीही उतरली नाही, वाढत गेली, दगडासारखी टणक किंवा जागची न हलणारी लागली, गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या बाजूला आली, किंवा सोबत ताप, रात्री दरदरून घाम, वजनात घट असेल, तर शब्दकोश मिटा आणि डॉक्टरांना दाखवा.